लेकरू नसताना दूध

“तुमचं प्रोलॅक्टिन फार वाढलंय,” हैदराबादचे डॉक्टर म्हणाले. प्रोलॅक्टिन म्हणजे अंगावर दूध आणणारा रस. तो मेंदूखालच्या पिट्युटरी नावाच्या ग्रंथीतून रक्तात येतो. स्कॅनमध्ये तिथं बारीकशी गाठ दिसली होती. ती कॅन्सरची नव्हती, गोळ्यांनी आवरणारी होती. मला हायसं वाटायला हवं होतं, पण माझ्या अंगाची लाही लाही झाली.

कारण तोवर मुडबीत, माझ्या सासरी, मी पोटातलं लेकरू पाडणारी बाई ठरले होते.

आधी पाळी थांबली, मग छातीतून दूध यायला लागलं. हुमनाबादच्या डॉक्टरीणबाईंनी पोटाला हात लावला न लावला आणि दिवस गेलेत म्हणून सांगून टाकलं. लघवीसुद्धा तपासली नाही. पाचव्या महिन्यात सासूनं गल्ली गोळा करून मला हिरव्या बांगड्या भरल्या. पोट तर सपाट होतं. आत काही नाही, असं मी म्हणत होते, पण सुनेचं ऐकतो कोण?

पुढंही पोट दिसेना, तेव्हा त्याच डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पडून गेलं असेल.” स्वतःची चूक झाकायला त्यांना एवढं पुरलं.

“दूध उतरलंय म्हणजे लेकरू व्हतंच. हिनंच काहीतरी घेतलं,” सासू म्हणाली. नवरा शाळामास्तर, त्यानंही आईचंच खरं मानलं. सासूनं माझ्या माहेरी, कोहिनूरला जाऊन माझ्या आईलाही तेच सांगितलं. मी काही घेतलं नाही, असं मी सांगत होते, तरी आईनं मला दारातूनच परत पाठवलं.

डोकेदुखीनं भोवळ येऊन पडले, तेव्हा कुठं नवऱ्यानं हैदराबादची बस धरली. तिथल्या डॉक्टरांनी आधी माझं सगळं ऐकून घेतलं. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

प्रोलॅक्टिन दाबणाऱ्या ब्रोमोक्रिप्टिनच्या गोळ्या सुरू झाल्या. सुरुवातीला मळमळ, चक्कर. मग दूध आटलं, पाळी आली. बायांनो, लेकरू नसताना दूध आलं तर गल्लीला विचारू नका. रक्त तपासून मागा, भांडून मागा.

“झालं गेलं गंगेला मिळालं,” सासू म्हणाली.

“न्हाई आत्याबाई. कोहिनूरला चला. तिथं बोललात ते तिथंच मागं घ्या.”

ती आली. माझ्या आईसमोर खाली बघत म्हणाली, “आजार व्हता. पोरीनं काही केलं न्हाई.”

आई रडायला लागली. “मग तू मला कामून सांगितलं न्हाईस गं?”

“सांगितलं व्हतं, माय,” मी म्हणाले.