आमच्या टूलने अप्पांचं स्वागत केलं

माझ्या वडिलांना, अप्पांना जाऊन महिना झाला. आज सकाळी राजाजीनगरच्या घरून आईचा फोन आला. "अगं, तुझ्या कंपनीचा मेसेज आलाय. नवीन ग्राहक म्हणून अप्पांचं स्वागत करतायत."

आम्ही घरपोच औषधं देतो. उरलेल्या गोळ्या परत घ्याल का, एवढंच आईने अप्पांच्या फोनवरून विचारलं होतं.

अप्पांचं खातं मीच बंद केलं होतं. डेटाबेसात ग्राहक शोधणारं आमचं टूल फक्त चालू खाती दाखवतं, पण हे कुठेच लिहिलेलं नाही. मेसेजना उत्तर देणारा एआय एजंट टूलचं जे वर्णन वाचतो, त्यात एकच ओळ: 'ग्राहक शोधते.' नंबर सापडला नाही, म्हणून एजंटने अप्पांना नवीन ठरवलं.

टूल बनवणाऱ्या निखिलला विचारलं. "अक्का, एजंट हुशार आहे. एवढं लिहावं लागत नाही." या माणसाने प्रोफाइलवर स्वतःचं वर्णन मात्र अकरा ओळींत केलंय.

मग वर्णनात मीच लिहिलं: 'उत्तर रिकामं आलं तर ग्राहक नवीन समजू नये. बंद खाती तपासावीत. माणूस वारलेला असू शकतो.'

शेवटचं वाक्य निखिलने काढलं. "फार भावनिक वाटतं." मी ते परत घातलं.

तुमच्या टूलमध्ये असं काही लिहिलंय का? की तुमच्याकडेही सगळे हुशारच आहेत?