साठ पौंडांची तार

टेनिस क्लबात प्रेक्षकांना बसायला ज्या पायऱ्या होत्या, त्यांच्या खाली एक खोली होती. खोली म्हणायचं आपलं. एका टोकाला माणूस सरळ उभा राहू शकायचा आणि दुसऱ्या टोकाला पायऱ्या खाली आल्यामुळे त्याला बसूनच राहावं लागायचं. या खोलीत तारवाले सव्वीस वर्षं रॅकेटींना तार घालत होते. त्यांचं खरं नाव क्लबात कुणाला आठवत नव्हतं, आणि ते आठवण करून देण्याइतकं बोलणंही त्यांच्याकडे नव्हतं. "कधी मिळेल?" असं गिऱ्हाईकानं विचारलं की ते दोन बोटं दाखवायचे. दोन म्हणजे दोन तास की दोन दिवस, हे ज्यानं त्यानं समजून घ्यायचं.

हातात मात्र कसब होतं. रॅकेट यंत्रावर आवळायची, उभ्या सोळा तारा, आडव्या एकोणीस, प्रत्येक तार ठरल्या पौंडांनी ओढून चिमट्यात धरायची आणि शेवटी अशी गाठ मारायची की ती कुठे आहे ते शोधावं लागावं. सव्वीस वर्षं यंत्राचा दांडा फिरवून त्यांचं स्वतःचं कोपर कामातून गेलं होतं. त्यामुळे तयार रॅकेट तपासायचं काम बायकोकडे आलं. दुपारी डबा घेऊन ती यायची, तेव्हा झालेली प्रत्येक रॅकेट उचलायची आणि खोलीमागच्या भिंतीवर पन्नास चेंडू मारायची. "ही बरी आहे. ही रडते आहे, पुन्हा बघा." वीस वर्षांत तिनं क्लबातल्या एकूण एक सभासदाच्या रॅकेटनं खेळून घेतलं. भिंत कधी चुकत नाही, त्यामुळे हिलाही न चुकण्याची सवय लागली. सहा वर्षांपूर्वी लायब्ररीतल्या बाईंना जोडीला कुणी मिळेना, म्हणून त्यांनी तिला कोर्टावर ओढलं. त्या दिवसापासून पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये 'तारवाल्या वहिनीं'शी पहिल्याच फेरीत गाठ पडली की समोरची बाई आधी उसासा टाकायची आणि मग खेळायची.

आता थोडं तारेविषयी. तार घट्ट असली की चेंडू सांगाल तिथे जातो, पण जोर सगळा आपल्या हाताला लावावा लागतो. सैल असली की तारच चेंडू उडवून देते, हात सुखी राहतो. एवढं क्लबात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून घट्ट तार ही तिथे मिशीसारखी गोष्ट झाली होती. असो वा नसो, पीळ द्यायचाच. प्रत्येक रॅकेटला एक कार्ड बांधलेलं असायचं आणि त्यावर पौंडांचा आकडा. पुरुषमंडळी ते कार्ड काढायला हमखास विसरायची.

पण एकेक जण एकटा गाठून खोलीत यायचा, वाकून यायचा, कारण दार बुटकं होतं. दाताचे डॉक्टर म्हणायचे, "कार्डावर अठ्ठावन्न लिहा हो, पण घाला पन्नास. कोपर धरलंय. कुणाला कळता कामा नये." वकील म्हणायचे, "हे आपल्या दोघांत." भूगोलाचे सर तर आधी दार लावून घ्यायचे. तारवाले मान हलवायचे. त्यांच्याकडे एक वही होती, तिच्यात दोन रकाने: 'सांगितली' आणि 'घातली'. क्लबातल्या पुरुषांपैकी एकाचेही दोन आकडे जुळत नव्हते. बायकांचे जुळत होते, कारण त्यांना कुणी विचारतच नव्हतं.

सेक्रेटरींची गोष्ट वेगळी. लाकडाची वखार चालवलेला माणूस, आवाज करवतीसारखा. "साठ! एक पौंड कमी नको!" असं ते बाहेरूनच ओरडायचे. तीन वर्षांपूर्वी त्यांचा खांदा असा धरला की पाण्याचा पेला उचलवेना. खेळ सोडायची भाषा करायला लागले. तारवाल्यांना ते बघवेना. त्यांनी कार्डावर साठ लिहिले आणि गुपचूप सेहेचाळीस घातले. महिन्याभरात खांदा सुधारला. सेक्रेटरींनी त्याचं श्रेय एका तेलाला दिलं आणि त्या तेलाच्या बाटल्या सगळ्या क्लबाला वाटल्या. एक तारवाल्यांनाही मिळाली. ती त्यांनी यंत्राच्या दांड्याला वापरली.

तर अशा या क्लबात वार्षिक स्पर्धेचा फलक लागला. पन्नाशीपुढचे पुरुष, विजेत्याला दहा हजार, उपविजेत्याला पाच. पन्नाशीपुढच्या महिला, विजेतीला चार हजार, उपविजेतीला भेटवस्तू. मागच्या वर्षी भेटवस्तू म्हणजे सहा पेले होते, आणि त्यातले दोन आधीच कुणीतरी वापरलेले होते.

लायब्ररीतल्या बाईंनी सारख्या बक्षिसासाठी अर्ज लिहिला, अकरा बायकांनी सह्या केल्या, आणि रविवारी सकाळी सभा ठरली.

शनिवारी डबा उघडता उघडता बायको म्हणाली, "अहो, उद्या तुम्ही एक वाक्य बोलायचं."

तारवाल्यांचा घास हातातच राहिला.

"एकच. बाईच्या रॅकेटला तार कमी लागत नाही. बस्स. तुमचं सगळे ऐकतात."

"मी बोलतच नाही."

"म्हणूनच ऐकतील."

"खोलीचा कागद सेक्रेटरींच्या टेबलावर पडलाय," ते हळूच म्हणाले. खोली दर वर्षी सेक्रेटरींच्या सहीनं पुढे मिळायची, आणि या वर्षीची सही अजून व्हायची होती. या वयात यंत्र उचलून कुठे जाणार?

बायकोनं डब्याचं झाकण लावलं. "मला ठाऊक आहे ते. मी सव्वीस वर्षांत काही मागितलं नाही. हे मागते आहे. बघा जमलं तर."

'बघा जमलं तर' हे शब्द तिच्या तोंडी फार क्वचित यायचे, आणि आले की ते जमवावंच लागायचं. तारवाल्यांनी संध्याकाळभर तारा ओढता ओढता ते वाक्य घोकलं.

सभेला पंचवीसेक माणसं होती. पुरुष पंख्याखाली, बायका खिडकीकडे. तारवाले दाराला टेकून उभे, म्हणजे पळता येईल.

लायब्ररीतल्या बाई म्हणाल्या, "जगातल्या चारही मोठ्या स्पर्धांमध्ये आता दोघांना सारखं बक्षीस देतात. आपण काय त्यांच्यापेक्षा मोठे झालो?"

सेक्रेटरी म्हणाले, "तिथेही वाद आहेच की! पुरुष पाच सेटपर्यंत खेळतात, बायका तीन. जास्त घाम, जास्त दाम. सरळ हिशेब आहे."

"आपल्या क्लबात पुरुष पाच सेट कधी खेळले?" वहिनींनी विचारलं.

"खेळू शकतात."

"मागच्या वर्षी उपांत्य सामन्यात तुम्ही दुसऱ्या सेटमध्ये खुर्ची मागवली होती."

बायकांमध्ये खसखस पिकली. सेक्रेटरी लाल झाले. "वहिनी, प्रश्न खेळण्याचा नाही, क्षमतेचा आहे! आणि लोक बघायला कुणाला येतात?"

"तुमच्या अंतिम सामन्याला नऊ जण होते," लायब्ररीतल्या बाई म्हणाल्या. "त्यातले चार तुमच्या घरचे."

"पाच," दाताचे डॉक्टर बोलून गेले आणि लगेच छताकडे बघायला लागले.

सेक्रेटरींनी टेबलावर थाप मारली. "ते सोडा! मी मुद्द्याचं बोलतो. फटका! पुरुषाचा फटका आणि बाईचा फटका यांत फरक आहे की नाही? माझी तार साठ पौंडांची आहे. डॉक्टरांची अठ्ठावन्न. सरांची सत्तावन्न. कार्डं बघा! आहे इथे एक तरी बाई साठ पौंडांची? तारवाले! या पुढे. सांगा यांना."

पंचवीस माना दाराकडे वळल्या. तारवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. बायको खिडकीबाहेर बघत होती. क्लबातली प्रत्येक रॅकेट तिच्या हातून गेलेली. कुणाची तार किती ढिली, हे तिला वहीशिवाय पाठ होतं. सेक्रेटरींचा साठ पौंडांचा रुबाब ती एका वाक्यात उतरवू शकली असती. पण गुपितं नवऱ्याच्या धंद्याची होती, म्हणून ती तोंड मिटून बसली होती.

तारवाले पुढे झाले. घसा खाकरला. "बाईच्या... तारेला..." ते म्हणाले. "म्हणजे, रॅकेटच्या बाईला..."

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"बघा, लाजतात बिचारे," सेक्रेटरी विजयी आवाजात म्हणाले. "बोलू नका तुम्ही. तुमच्याकडे वही आहे ना? सगळं लिहून ठेवता ना? घेऊन या. मी इथे सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचतो. नावानिशी! होऊन जाऊ दे एकदाचा निकाल."

पंख्याखालचे पुरुष एकदम सावरून बसले.

"वही कशाला आता?" वकील म्हणाले.

"का? पुरावा नको? वकील ना तुम्ही? जा हो तारवाले, आणा."

तारवाले निघाले. सभागृहापासून खोली शंभर पावलांवर होती, ती त्यांनी दीडशे पावलांत गाठली. वही खणात होती. ती हातात घेऊन ते स्टुलावर बसले. ही वाचली गेली की डॉक्टर संपले, वकील संपले, सर संपले. सव्वीस वर्षं माणसं वाकून दारात आली होती ती विश्वासावर. आणि सेक्रेटरी? त्यांना तर स्वतःलाच ठाऊक नव्हतं. त्यांचा तर भरसभेत कडेलोट होणार, आणि मग खोलीचा कागद गेलाच. दुसरीकडे, वही नेली नाही तर बायको काही बोलणार नाही. तिचं न बोलणं काय असतं, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. पान फाडावं असं एकदा मनात आलं. पण खोटं लिहिणं आणि खरं फाडणं यांत त्यांना फरक दिसेना. शेवटी वही काखोटीला मारून ते परत निघाले. जे व्हायचं ते होवो, आपण वही द्यायची आणि यंत्र बांधायला घ्यायचं, एवढं त्यांनी ठरवलं.

अर्ध्या वाटेवर असताना त्यांना टाळ्या ऐकू आल्या.

आत आले तर सभा उठत होती. काय झालं ते लायब्ररीतल्या बाईंनी सांगितलं. तारवाल्यांची पाठ वळताच डॉक्टर उभे राहिले आणि म्हणाले, काळ बदलला आहे. वकिलांनी ताबडतोब अनुमोदन दिलं. भूगोलाचे सर तर इतके भावुक झाले की आपल्या आईची आठवण काढून बसले. मत घ्या, लगेच घ्या, चर्चा पुरे! चार मिनिटांत ठराव मंजूर झाला. विरोधात एकच हात होता, सेक्रेटरींचा, आणि तीन वर्षांपूर्वी तो इतका उंच गेलाच नसता. जाता जाता डॉक्टरांनी तारवाल्यांच्या दंडाला हात लावला. "वही जपून ठेवा हो," ते म्हणाले. "किंवा जाळूनच टाका."

बायको वाटेत म्हणाली, "ठराव तर झाला. पण वाक्य राहिलं."

तिचं बरोबर होतं. बक्षीस मिळालं होतं ते डॉक्टरांच्या भीतीनं. त्यांनी स्वतः काय केलं होतं? दीडशे पावलं चालले होते.

सोमवारी सकाळी खोलीच्या दारात अंधार झाला. सेक्रेटरी वाकून आत आले. ते सव्वीस वर्षांत पहिल्यांदा आत येत होते, त्यामुळे डोकं आपटलंच. खिशातून खोलीचा कागद अर्धा बाहेर डोकावत होता. बाहेर बायकोचे चेंडू भिंतीवर पडत होते.

"तारवाले, मी रात्रभर विचार केला," ते म्हणाले. "वहीचं नाव काढलं आणि सगळे फिरले. का फिरले? काय आहे त्या वहीत?"

"ते त्यांचं आहे साहेब. नाही सांगता येणार."

"बरं. माझं तर माझं आहे? माझं सांगा."

बाहेरचे चेंडू थांबले.

तारवाल्यांनी वही उघडली नाही. उघडली असती तर तिच्याकडे बघून बोलता आलं असतं. त्यांनी सेक्रेटरींकडे बघितलं. "तुमची तार सेहेचाळीसची आहे. तीन वर्षं. मी तुम्हाला न विचारता घातली, चूक माझी. आणि साहेब, बाईच्या रॅकेटला तार कमी लागत नाही. हिची छप्पन्न आहे. या क्लबात त्याहून घट्ट कुणाचीच नाही."

एका दमात एवढं बोलल्यामुळे त्यांना धाप लागली.

सेक्रेटरी यंत्राच्या कडेला टेकले. बराच वेळ खांदा चोळत होते. "म्हणजे... ते तेल?"

"दांड्याला फार छान आहे."

सेक्रेटरींच्या छातीतून एक विचित्र आवाज निघाला. तारवाल्यांना वाटलं, पाणी द्यावं. मग कळलं, ते हसत आहेत. डोळे पुसून त्यांनी कागद काढला, सही केली आणि दाराशी जाऊन आवाज खाली आणला. "सेहेचाळीसच राहू दे. पण कार्डावर..."

"साठ," तारवाले म्हणाले.

ते गेल्यावर बायको दारात आली. "चार-पाच वाक्यं बोललात," ती म्हणाली. "मी एकच मागितलं होतं." आणि तिनं पुढची रॅकेट उचलली.

स्पर्धेत ती जिंकली असती तर सांगायला बरं वाटलं असतं. पण अंतिम सामना लायब्ररीतल्या बाईंनी तिसऱ्या सेटमध्ये नेला आणि दहा हजारही नेले. पुरुषांत डॉक्टर जिंकले, सेक्रेटरी हरले. वहिनी आणि सेक्रेटरी, दोघं उपविजेते, फोटोसाठी शेजारी शेजारी उभे राहिले, पाच-पाच हजारांची सारखी पाकिटं हातात धरून. फोटोवाला थोडं जवळ या, थोडं हसा, असं करत होता. तेवढ्यात सेक्रेटरींनी वहिनींच्या रॅकेटच्या तारेवर हळूच नख मारून पाहिलं. टणकन आवाज आला.

"वहिनी," ते ओठ न हलवता म्हणाले, "खांदा दुखत नाही?"

"दुखतो की."

"मग काय लावता?"

"काही नाही," वहिनी फोटोवाल्याकडे बघत म्हणाल्या. "एक तेल होतं घरी. यांनी संपवलं."