मिनिटागणिक एक टकटक

फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "आप्पा दुपारचे झोपले ते उठलेच नाहीत गं," सासूबाई म्हणाल्या. आयुष्यभर जागं राहण्याचा पगार घेतलेला माणूस, आणि गेला तो भर दुपारी, गाढ झोपेत... त्याला आता दीड महिना झाला. रडून झालंय. आता आठवतं त्यातलं बहुतेक हसवणारंच आहे.

आप्पा, म्हणजे माझे सासरे, रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. भुसावळहून बदलीवर जयपूरला आले आणि निवृत्तीनंतर तिथल्याच दुर्गापुऱ्यात राहिले. इंजिनात ड्रायव्हर आणि असिस्टंट, दोघांनीही सिग्नल मोठ्याने एकमेकांना सांगायचा असतो. ही शिस्त आप्पांनी घरच्या गाडीतही आणली. शेजारी बसेल तो असिस्टंट! एकदा सोडाल्याच्या चौकात सिग्नल हिरवा झाला, मी मोबाइलमध्ये डोकं घातलेलं, आणि आप्पा काही हलेनात. मागे हॉर्नचा नुसता कल्ला. एक रिक्षावाला ओरडला, "ताऊजी, हरा हो गया!" आप्पा शांतपणे म्हणाले, "दिख रहा है भैया, पर हमारे असिस्टंट ने अभी बोला नहीं." धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

पण त्याच शिस्तीने आम्हाला तारलं. गेल्या वर्षी त्याच चौकात ते "हिरवा" म्हणाले आणि मी "लाल!" म्हणून किंचाळले. गाडी थांबली, कोणाला खरचटलंही नाही. त्याआधी कितीतरी दिवस आम्ही नवराबायको घरात कुजबुजत होतो, की आप्पांना गाडी सोडा असं सांगायचं कोणी? चालवणं हाच त्यांचा मान होता, आणि तो माझ्या बोलण्याने जायला नको, याची मला फार धास्ती होती. त्यांनी ती वेळच येऊ दिली नाही. गाडी कडेला लावली, उतरले, वळसा घालून माझ्या दाराशी आले. "उतर मीनल. डोळ्यांनी रिटायरमेंट मागितली. मतलब, आजपासून असिस्टंट मी."

मग आम्ही नवी गाडी घेतली. ऐंशीच्या वर गेली की ती पीं पीं करते. मी वैतागून म्हटलं, हे बंद करून घेते. "कान खातंय म्हणून काढायचं? मग मलाही काढ," आप्पा म्हणाले. मला वाटलं, चला, म्हातारा यंत्राच्या बाजूचा आहे. पण अजमेरच्या रस्त्यावर मी क्रूझ कंट्रोल लावून, म्हणजे वेग सांभाळायचं काम गाडीवरच सोपवून, ऐटीत पाय मोकळा केला, तर यांचा चेहरा पडला. "इंजिनात एक बटण असतं," ते म्हणाले. "मिनिटभर ड्रायव्हरने काहीच केलं नाही की भोंगा वाजतो. तरी बटण दाबलं नाही, तर गाडी आपोआप थांबते. ते विचारतं, बाबा रे, जागा आहेस ना? तुझं हे काहीच विचारत नाही."

"मग बंद करू?"

"राहू दे, पायाला आराम आहे ना. विचारायला मी आहे."

आणि मिनिटागणिक डॅशबोर्डवर दोन बोटांनी टकटक! मी "जागी आहे" म्हणायचं. अजमेर येईपर्यंत माझं डोकं उठलं होतं. परतताना मात्र मधेच टकटक थांबली. पाहिलं तर आप्पा झोपलेले, तोंड किंचित उघडं... मी गाडी चालवत असताना ते पहिल्यांदाच झोपले होते. एवढी मोठी शाबासकी मला ऑफिसात कधी मिळाली नाही. जयपूरपर्यंत मी हॉर्नही वाजवला नाही.

गेल्या रविवारी सासूबाईंना घेऊन अजमेरला निघाले. आप्पांच्या जागी आता त्या बसतात. शहर मागे पडलं, मी क्रूझ लावला. मिनिट झालं असेल, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "जागी आहे." कोणी विचारलंच नव्हतं. सासूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे. मग पुढे वाकून, आप्पांकडून ऐकलं होतं तेवढ्या अंदाजाने, दोन बोटांनी डॅशबोर्डवर टकटक केली.