अंगणात लावलेली गाडी

थंडीत डिझेलच्या धुराचा वास आला की मला पासली गावातली ती पहाट आठवते. आमचे शेजारी रोज संध्याकाळी त्यांची पिकअप घराच्या वरच्या उतारावर वाकडीतिकडी लावत. मी तिथल्या शाळेत शिक्षिका, मला शिस्तीची हौस, म्हणून मी त्यांना म्हटलं, "गाडी खाली अंगणात नीट लावत जा." त्यांनी माझा मान ठेवला आणि गाडी अंगणात लावू लागले. चारच दिवसांनी पहाटे त्यांच्या आईच्या छातीत कळ आली. त्यांना दवाखान्यात न्यायला आम्ही गाडीकडे धावलो, पण चावी फिरवली की इंजिन दोनदा कण्हायचं आणि गप्प व्हायचं. "इंजिन तापवणाऱ्या हीटरचा दिवा विझू द्या, मग चावी मारा," मी शेजाऱ्यांना शिकवत होते. ते म्हणाले, "बाई, गारठ्यानं बॅटरीच बसलीया! उतारावर असती तर सोडून दिली की चालू झाली असती." मागच्या हौद्यात झोपवलेल्या आई म्हणाल्या, "बाईस्नी बोलू नगंस रं, त्यास्नी काय ठावं?" सपाट अंगणात ढकलून ती सुरू होईना. शेवटी बैल जुंपून ओढली तेव्हा ती सुरू झाली, पण तोवर उजाडलं होतं. वेल्ह्याच्या दवाखान्यात पोचायच्या आतच आई गेल्या. शेजाऱ्यांनी मला कधी दोष दिला नाही. तेराव्यानंतर दारात येऊन त्यांनी एवढंच विचारलं, "बाई, गाडी आता कुठं लावू?" मुलांनो, मी खाली मान घालून उताराकडे बोट दाखवलं.