पाह्यलं म्हणून समजा

झाडे सर बसमधून उतरत नसत. डोंगरातल्या त्या शहरात त्यांनी कितीतरी उन्हाळे माणसं नेली, पण तिथल्या कुठल्याही पॉइंटला त्यांचा पाय लागत नसे. बस थांबली की ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसल्या बसल्या ते खिडकीची काच चार बोटं खाली करायचे, गळ्यातली शिट्टी फुंकायचे आणि ओरडायचे, "दहा मिनिटं! फोटो काढा अन् या!" दहा मिनिटांनी तीच शिट्टी पुन्हा वाजे. मग आगगाडीने आणि बसने हाडं खिळखिळी करून वर्ध्याहून आलेली माणसं शाळेची घंटा झाल्यासारखी धावत बसमध्ये चढत.

सर निवृत्त पीटी शिक्षक होते. वर्ध्यालगतच्या बोरगाव मेघेला आमच्याच गल्लीत त्यांचं घर. नोकरी संपली आणि कवायत करून घ्यायला पोरं उरली नाहीत, म्हणून त्यांनी मोठ्या माणसांच्या सहली काढायला सुरुवात केली, असं माझं स्पष्ट मत आहे. पांढरे कॅनव्हासचे बूट, निळा ट्रॅकसूट, डोक्यावर टोपी आणि गळ्यात शिट्टी. या वेषात ते भाजी आणायलाही जात. मी नर्स आहे, वर्ध्याच्या एका दवाखान्यात वॉर्ड सांभाळते. घाटात उलट्या करणाऱ्यांसाठी सोबत कोणी जाणतं हवं म्हणून सरांनी मला दोनदा सवलतीत नेलं. दोन्ही वेळा मी गेले. मे महिन्यातल्या वर्ध्यापेक्षा दुसऱ्यांच्या उलट्या बऱ्या.

शहराचं नाव सांगत नाही. सांगून फरकही पडणार नाही, कारण डोंगरातली ही सगळी शहरं आता एका साच्यातून काढल्यासारखी झाली आहेत. आपल्याकडच्यासारखीच मोबाइलची दुकानं, तसेच हॉर्न, फक्त जमीन तिरपी. पाहुण्यांच्या करमणुकीची सोय मात्र भरपूर. तळ्यात बदकाच्या आकाराच्या बोटी, ज्यांचं पायडल आपणच मारायचं आणि भाडंही आपणच द्यायचं. मेणाच्या पुतळ्यांचं प्रदर्शन, ज्यात पुतळा कोणाचा हे पाटी वाचूनच कळतं. एक भुतांचा बंगला. आम्ही गेलो तेव्हा त्यातलं भूत दाराशी बसून डबा खात होतं. भाड्याचा पहाडी पोशाख घालून फोटो काढायचा असतो. त्या पोशाखाची कॉलर मी नर्सच्या नजरेने एकदा पाहिली आणि आमच्या बायकांना सांगितलं, लांबूनच नटा. आणि प्रत्येक डोंगरावर असतो तसा एक सुसाइड पॉइंट. तिथे लोक मॅगी खातात.

आमची माणसंही काही कमी नव्हती. बसमधून धुक्यात उतरताना बायका तोंडाला घट्ट दुपट्टा बांधत, जणू धुक्याचं ऊन लागणार होतं. एका काकांच्या खिशात तिथेही ऊन लागू नये म्हणून ठेवलेला कांदा निघाला. सरांनी वर्ध्याहून स्वयंपाकी सोबत आणलेला, त्यामुळे डोंगरात बसून आम्ही वरण-भात आणि वांग्याची भाजी जेवलो, आणि "घरच्यासारखं आहे" म्हणून सगळे खूश. घरच्यासारखंच हवं होतं तर घरच काय वाईट होतं?

पण या सगळ्याला तत्त्वज्ञान सरांनी पुरवलं. पहिल्या सहलीत धुक्याने एक दरी पूर्ण झाकली होती. गल्लीतल्या किराणा दुकानदाराने कुरकुर केली, "सर, दरी तं काईच दिसून नाई राह्यली."

"पाटी दिसते न?" सर काचेच्या फटीतून म्हणाले. "पाटीचा फोटो काढा. पाह्यलं म्हणून समजा."

हे त्यांचं ब्रीद होतं. धबधब्याला पाणी नव्हतं, पाह्यलं म्हणून समजा. देवळाचं दार बंद होतं, पाह्यलं म्हणून समजा. वर समजूत घालत, "घरी गेल्यावर कोनी विचारलं, पाह्यलं का, तं हो म्हनाचं. कोनी परीक्षा नाई घेत." आणि माणसं खरोखर समजत. वर्ध्याला परतल्यावर तोच दुकानदार त्या दरीचं वर्णन गिऱ्हाइकांना करत असे, खोलीसकट.

मी एकदा विचारलं, "सर, तुम्ही स्वतः का उतरत नाही?"

"मी उतरलो तं या लोकायले वापस कोन आनन, सिस्टर?"

एवढं मान्य करते की त्यांच्या सहलीत कधी कोणी हरवलं नाही. बसमध्ये चढल्यावर ते "नंबर!" म्हणून ओरडत आणि आजोबांपासून सगळ्यांनी आपापला नंबर ओरडून सांगायचा असे. मोजणी जुळल्याशिवाय बस हलत नसे. लोक याचं फार कौतुक करतात. हे कौतुक मेंढपाळाचं आहे. मेंढ्यांनी काय पाहिलं, हे त्यात येत नाही.

दुसऱ्या सहलीत माझ्या शेजारच्या सीटवर कमलमावशी होत्या. मूळच्या आर्वी तालुक्यातल्या रोहण्याच्या. उभा जन्म शेतात निंदणं-खुरपणं केलेल्या, आणि आता आमच्या गल्लीत लेकीकडे राहायला आलेल्या. लेक तहसील कार्यालयात आहे. तिने आईला हौसेने पाठवलं होतं. गाडीत बसल्यावर मी विचारलं, "मावशी, काय काय पाहायचं आहे?"

"एकच," मावशी म्हणाल्या. "रोहण्याले आमच्या घरी बियान्याच्या दुकानाचं क्यालेंडर हाय. लय जुनं. त्याच्यावर पांढरे डोंगर हायेत. लेकीचा बाप म्हने, खरे हायेत. मी म्हनो, रंगोटले हायेत. तो तं गेला. आता कोनाचं खरं, तेवढं पाहाचं हाय मले."

त्यानंतर तीन दिवस मावशींनी बदक, पुतळे आणि भूत यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. प्रत्येक पॉइंटवर उतरून त्या फक्त विचारत, "इथून दिसते का ते?" दिसत नसे. सगळीकडे ढग.

परतायच्या आदल्या सकाळी आम्ही सगळ्यात उंच पॉइंटवर गेलो. तिथेही ढगांनी सगळं पुसून टाकलेलं. लोकांनी नियमाप्रमाणे पाटीचा फोटो काढला, मॅगी खाल्ली. शिट्टी वाजली. सगळे चढले, सरांनी "नंबर!" म्हटलं, आणि मावशींचा नंबर आलाच नाही. माझाही नाही. मावशी कठड्याजवळच्या बाकावर बसून राहिल्या होत्या आणि त्यांचं बीपी माझ्या जिम्मेदारीवर होतं, म्हणून मी तिथेच उभी होते.

तेव्हा सर बसमधून उतरले. ते पांढरे बूट मी पहिल्यांदाच ओल्या गवतावर पाहिले. मावशींच्या समोर येऊन ते कठड्याकडे पाठ करून उभे राहिले, कारण तोंड बसकडे ठेवायचं होतं. त्यांचं पाहून आणखी कोणी उतरलं असतं तर?

"मावशी, काऊन बसून राह्यल्या? बर्फाच्या हॉलचा टाइम झाला."

"ढग हटू द्या."

"ढग काय आपला नोकर हाय का? चला. पाह्यलं म्हणून समजा."

"समजाचंच असतं तं रोहण्यालेच नसती का समजली?" मावशी म्हणाल्या. "क्यालेंडर हायच घरी."

सरांनी शिट्टी तोंडात धरली. आणि तेवढ्यात त्यांच्या टोपीच्या वर, जिथे आभाळ असायला हवं तिथे, एक पांढरी कड दिसू लागली. मला आधी तो ढगच वाटला. मग त्याच्याखाली निळसर सावल्या आल्या, मग दुसरी कड, मग तिसरी. एवढ्या उंचावर काही असेल अशी माझी कल्पना नव्हती. मी खालीच शोधत होते.

"माय वं!" मावशी उठल्या.

मी म्हटलं, "सर, मागे पाहा."

सर हसले. ते हसू मला अजून आठवतं आणि अजून चीड येते. "सिस्टर, जिंदगीभर पोट्टे मले हेच म्हनत आले. सर, मागं पाहा. मागं पाह्यलं का पयाले! म्या कधीच पाह्यलं नाई."

"सर, खरंच पाहा."

"नाई पाहत!"

मावशी पाहायला डावीकडे सरकल्या, तर सर डावीकडे सरकले. त्या उजवीकडे गेल्या, तर सर उजवीकडे, दोन्ही हात पसरून, कबड्डीत चढाईवाल्याला अडवावं तसे. हिमालय त्यांच्या पाठीमागे उभा होता आणि सर आमच्या दोघींवर डोळा ठेवून होते. शेवटी मावशींनी माझ्या खांद्यावर हात टेकला, चपला काढल्या आणि बाकावर चढल्या. सरांच्या टोपीवरून त्यांनी पाहिलं. मीही टाचा उंचावून पाहिलं. मग ढग पुन्हा मिटले.

मावशी खाली उतरल्या, चपला घातल्या, पदर नीट केला. "चला सर," त्या म्हणाल्या. "खरे हायेत. त्याचंच खरं होतं."

बसमधल्या एकालाही काही दिसलं नव्हतं. काचांवर आतून वाफ धरली होती आणि सगळे आपापल्या मोबाइलमध्ये पाटीचे फोटो पाहत होते.

त्यानंतर बर्फाचा हॉल. एका बाजाराच्या तळघरात माणसं शिरतील एवढा फ्रीज, त्यात कुटून पसरलेला बर्फ, भिंतींवर रंगवलेले डोंगर, कानठळ्या बसवणारी गाणी आणि एक प्लास्टिकचा पेंग्विन. पायांचा वास मारणारे भाड्याचे बूट आणि कोट घालून आमची माणसं त्यात लोळली. खरा बर्फ बाहेर ज्या दिशेला होता, त्या दिशेला हॉलचं शौचालय होतं. आणि इथे मात्र सर स्वतः आत आले, बर्फावर उभे राहिले, पेंग्विनच्या खांद्यावर हात टाकून त्यांनी फोटोही काढून घेतला. "सिस्टर, पॉइंट असा पाह्यजे," ते खुशीत म्हणाले. "एकच दार! कोन कुठं जाइन?"

मावशींनी चिमूटभर बर्फ बोटांत चोळून पाहिला आणि झटकून टाकला. "हे रंगोटलं हाय," त्या म्हणाल्या, आणि दारापाशी जाऊन बसल्या.

दोन वर्षांनी सर माझ्याच वॉर्डात भरती झाले. हृदय थकलेलं, पायांवर सूज, कुशीवर वळायलाही दुसऱ्याचा हात लागे. तिथेही ते पडल्या पडल्या खाटा मोजत आणि एखादी रिकामी झाली की मला विचारत, "पाच नंबर कुठं गेला?" मी सांगत नसे.

एका दुपारी, भेटायला आलेली माणसं गेल्यावर, त्यांनी मला जवळ बोलावलं. "सिस्टर, एक विचारू? त्या दिवशी मागं खरंच काई होतं का हो? का तुमीबी पोट्ट्यायसारखं?"

"होतं, सर."

"मोठं?"

"या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. भिंती नसत्या तर पुढेही."

सरांनी मान वळवून आधी ही भिंत पाहिली, मग ती. शेवटच्या दिवसांत माणूस शहाणा होतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझ्या वॉर्डात एक आठवडा ड्यूटी करावी. पण त्या दिवशी मलाही क्षणभर वाटलं, की आता हा माणूस काहीतरी बोलेल. सर बोलले.

"फोटो काढला का?"

"नाही."

"हेच तं!" त्यांनी कपाळाला हात लावला. "फोटो असता तं पाह्यलं म्हणून समजलो असतो."

पाठीला पावडर लावायची वेळ झाली होती. मी त्यांना कुशीवर वळवलं आणि माझं काम केलं.

त्याच आठवड्यात सर गेले. गल्लीने समाजभवनात शोकसभा ठेवली. मंचावर हार घातलेला मोठा फोटो होता, बर्फाच्या हॉलमधला. पेंग्विन कापून टाकला होता, पण त्याची चोच सरांच्या खांद्यापाशी राहून गेली होती. बोलणाऱ्या प्रत्येकाने त्या फोटोकडे हात केला. किराणा दुकानदार उठला. "आपन कुठं जानार होतो? सरनं आपल्याले हिमालय दाखवला!" तो म्हणाला, आणि सगळ्यांनी माना हलवल्या.

माझ्या शेजारी कमलमावशी बसल्या होत्या. त्या माझ्या कानाशी झुकल्या.

"दावला कुठं वं बाई? सरच तं मधात उभे होते."