कुमुदताईंनी शपथ मोडली नाही

ज्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून कुमुदताईंना चार महिन्यांपूर्वी काढून टाकलं होतं, त्याच ग्रुपवर त्या गेल्याची बातमी आली. 'हमारी आदरणीय कुमुद दीदी नहीं रहीं', असं आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी लिहिलं होतं, आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. त्यातले दोन हात माझे. प्रेम नगरातल्या घरी चहा पिता पिता मी ते पाठवले, आणि मग स्वतःचीच किळस आली. पाच आठवडे झाले, ती किळस गेलेली नाही. म्हणून हे लिहितो आहे.

कुमुदताई पोतनीस लक्ष्मी गेटजवळ भाऊ-भावजयीकडे राहायच्या. त्यांचे पूर्वज पौरोहित्यासाठी महाराष्ट्रातून झाशीला आले आणि इथलेच झाले. मी नोकरीपायी साताऱ्याहून आलेला इंजिनिअर. त्या बशीला अजून 'तबकडी' म्हणत आणि पुढच्याच वाक्यात भाजीवाल्याला 'भैया, ठीक से तौलो' असं बजावत. मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर त्या आमच्या पहरेदारांच्या संस्थेत आल्या. शहराभोवतीच्या टेकड्या राखायच्या म्हणून काही नागरिकांनी उभी केलेली ही संस्था. दंड करायचा किंवा कुणाला अडवायचा अधिकार आम्हाला नाही. रविवारी दोघादोघांनी फिरायचं, झाड तोडलेलं, दगड फोडलेला दिसला की लिहून कळवायचं, एवढंच काम. पण ते सुरू करण्याआधी टेकडीवर उभं राहून प्रत्येकानं शपथ घ्यायची: 'जो देखूँगा, वही लिखूँगा. जो लिखूँगा, उसे छिपाऊँगा नहीं.' आम्ही पुरुषांनी ती सत्काराला उभं राहिल्यासारखी घेतली, फोटो काढले. कुमुदताईंनी 'देखूँगी, लिखूँगी' असं नीट बदलून म्हटलं आणि फोटोसाठी न थांबता टेकडी उतरू लागल्या.

आमच्या दोघांच्या वाट्याला बिजौलीच्या पलीकडची गिद्ध टौरिया आली होती. टौरिया म्हणजे इथल्या बोलीत टेकडी. तिच्या उभ्या कड्यावर गिधाडांची घरटी होती. टेकडीच्या मागच्या अंगाला दगडाची खाण होती. तिला परवाना होता, पण कडा त्या हद्दीच्या बाहेर होता. सहा वर्षं आम्ही तिथं फिरलो. गुडघे दुखायचे म्हणून मी खाली बसून राहायचो. त्या माझ्याहून तीन वर्षांनी मोठ्या, तरी वर जाऊन प्रत्येक घरटं दुर्बिणीतून बघून यायच्या. "पिल्लू आहे हो देशपांडेजी," असं वरूनच सांगायच्या, जसं काही नात्यात बाळंतपण झालंय.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी त्यांनी मला वर बोलावलं. कड्याच्या माथ्यावर सुरुंगासाठी भोकं पाडलेली होती. ताजी, कडेला पांढरी भुकटी. आम्ही दोघांनी मोजली. अकरा होती. खाली घरट्यात पिल्लं होती. त्यांनी तिथंच दगडावर बसून अहवाल लिहिला, मला वाचून दाखवला, आणि मी मान डोलावली. खाण आमच्या अध्यक्षांच्या मेहुण्याची आहे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी अहवाल मागं घ्यायला सांगितलं. "दीदी, आपकी नज़र का धोखा होगा," ते हसून म्हणाले.

"नज़र दोन माणसांची होती," कुमुदताई म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहू लागल्या.

मी गप्प बसलो. माझ्या जावयाचा बिजौलीत छोटा कारखाना आहे आणि त्याला निम्मी कामं अध्यक्षांच्या ओळखीनं मिळतात. हे कारण मी लपवत नाही... कारण म्हणून ते किती हलकं आहे, ते दिसावं म्हणूनच सांगतो. शिस्तभंगाचा ठराव आला, कुमुदताईंना संस्थेतून काढलं, आणि ठरावाखाली माझी सही आहे. आठवड्याभरात सुरुंग उडाले. त्या कड्यावर आता एकही घरटं नाही. कडाच नाही.

मी त्यांच्या घरी गेलो होतो, समजूत काढायला म्हणे. त्यांनी पाणी दिलं, बसायला सांगितलं. मी जावयाचं सांगितलं, तब्येतीचं सांगितलं, संस्था टिकली पाहिजे असंही काहीतरी बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "देशपांडेजी, शपथ तुम्ही घेतली होती की तुमच्या जावयानं?" आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर मला भांडता आलं असतं. आमची ती शेवटची भेट. पुढं एका सकाळी आंघोळ करून केस विंचरता विंचरता त्या खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत.

शोकसभा संस्थेनंच घेतली. ज्यानं त्यांना खोटं ठरवलं, त्यानंच त्यांच्या फोटोला हार घातला. 'दीदी हमारी प्रेरणा थीं' म्हणाला आणि त्यांच्या नावानं दरवर्षी पुरस्कार देणार असल्याचं जाहीर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या. पहिल्या रांगेत कुमुदताईंची भावजय पदराची गाठ घट्ट धरून बसली होती. मी उठलो आणि म्हणालो, "भोकं अकरा होती. मी त्यांच्याबरोबर होतो. मीही मोजली होती." हिंदीत पुन्हा सांगितलं, म्हणजे कळलं नाही असं कुणाला म्हणता येऊ नये. मग अध्यक्ष म्हणाले, "देशपांडेजी भावुक हो गए हैं," आणि चहा आला. लोक चहा प्यायले. मला इतका राग कधी आला नव्हता, आणि त्यातला अर्धा तरी माझ्यावरच होता. कारण हे वाक्य चार महिन्यांपूर्वी बोलायचं होतं. तेव्हा कडा जागेवर होता, ती बाईही होती.

मी तीच साक्ष लिहून काढली, जावयाला आधी वाचून दाखवली, आणि मंगळवारी सरकारी कार्यालयात द्यायला गेलो. साहेब नव्हते. बाहेरच्या व्हरांड्यात एक लाकडी बाक होता, त्याच्या टोकाला मी बसलो. शिपाई आला, माझ्या हातातला कागद त्यानं पाहिला.

"टौरिया वाली अर्ज़ी है?"

मी हो म्हणालो.

"दीदी हर मंगलवार आती थीं. यहीं बैठती थीं, शाम तक."

मी विचारलं, शेवटच्या कधी आल्या होत्या. त्यानं आठवून सांगितलं. त्यांच्या जाण्याच्या चार दिवस आधीचा मंगळवार होता तो. म्हणजे संस्थेनं काढल्यावरही त्या दर आठवड्याला येत राहिल्या होत्या. पद नसताना, सोबत कुणी नसताना, कडा उडवल्यानंतरसुद्धा... उरलेली टेकडी तरी वाचावी म्हणून. त्यांच्या अर्जांना उत्तर आलं का, असं मी विचारलं. शिपायानं नकारार्थी मान हलवली, आणि मी बसलो होतो त्याच्या शेजारची जागा हातातल्या फडक्यानं पुसली. "इधर बैठिए, उधर धूप आती है. दीदी इधर ही बैठती थीं."

मी सरकून तिथं बसलो. संध्याकाळपर्यंत साहेब आले नाहीत. त्यानंतर चार मंगळवार झाले. मी जातो आहे.