मामीच्या हातचं

शेकडो माणसांना जेवू घालणारा माझा मामा स्वतःच्या हातचा घासभरही कधी खात नसे. लग्नाची पंगत उठली की मांडवामागच्या सावलीत बसून तो मामीने सकाळी बांधून दिलेला डबा उघडायचा. भाकरी, झुणका, कच्चा कांदा. तिकडे त्याच्या आलू-वांग्याच्या भाजीवर लोक तुटून पडलेले असत आणि हा गार झुणका मन लावून खाई. कुणी विचारलंच तर म्हणे, "सकाळपासून ज्याचा धूर गिळला, तेच परत काऊन खावं?" खरं म्हणजे त्याला मामीच्याच हातची चव लागे, आणि हे कबूल करायला आंजी गावातला एवढा मोठा आचारी लाजे.

आम्ही नालवाडीला राहायचो. बाजाराला वर्ध्याला आला की मामा आमच्याकडे डोकावे. माझी आई त्याची थोरली बहीण. "बाई, हा चाय आहे का काढा?" असं तिला चिडवायचा आणि वर आणखी मागून प्यायचा.

मग लग्नसराईत कामं वाढली. एका मांडवातून दुसऱ्या मांडवात, मधे झोप नाही. भट्टीवरच्या कुणीतरी त्याला पावडर दिली. एमडी म्हणतात तिला, नाकाने ओढली की थकवा पळतो म्हणे. पहिल्या हंगामात आम्हाला वाटलं, मामाला कामाचा हुरूप आलाय. कसला हुरूप! पुढच्या हंगामात तो वाळून गेला, सारखे दात खाऊ लागला, भिंतीपलीकडून त्याला बोलणं ऐकू येऊ लागलं. एके दिवशी त्याने डबा न उघडताच परत आणला आणि मामीपुढे ठेवला.

"यात तू काय टाकून राह्यली, मले मालूम आहे."

मामीने त्याच्यासमोर बसून त्याच डब्यातली भाकरी खाल्ली. संशय तेवढ्याने कुठला जायला! गावात करणीची कुजबुज सुरू झाली, कुणी अंगारा आणून दिला. शेवटी आईने सगळ्यांशी भांडून त्याला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याची लघवी तपासायला पाठवली, आमचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ही करणी नाही, पावडरीने मेंदूवर परिणाम झालाय, असं त्या म्हणाल्या. आवाज आणि संशय दोन्ही पावडरीचेच. गोळ्यांनी ते उतरेल, पण पावडर सुटली नाही तर परत येईल.

मामाला ठेवून घेतलं. सुरुवातीला तो नुसता झोपून असे. हळूहळू त्याची नजर निवळली. एका दुपारी त्याने आपण होऊन मामीचा डबा ओढला, दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "मीठ कमी आहे वं." मामी बाहेर व्हरांड्यात जाऊन पोटभर रडली. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, गोळी त्याच्या हातावर ठेवायची, सांगून द्यायची, लपवून नाही. काही महिने तसंच चाललं. मग मामा म्हणू लागला, मी बरा झालो, आता गोळी कायले पायजे? मामीने विनवलं, आईने दटावलं, तो ऐकेना. ते आधीचे दिवस परत येतील या धास्तीने मामीला झोप लागेना. ती गोळी कुटून त्याच्या वरणात घालू लागली. तिला कसं रागवायचं? माझ्या घरात असं माणूस असतं तर मीही हेच केलं असतं.

मामा पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला आणि त्याने ते पाहिलं. तो ओरडला नाही. दारातच खाली बसला.

"म्हंजे मी तवा खरंच बोलत होतो."

मामीने त्याचे पाय धरले, चूक झाली म्हणाली. तो दवाखान्यातही परत यायला तयार होईना. घरचं पाणीसुद्धा घेईनासा झाला. अल्लीपूरला खोली करून राहिला, पुन्हा कामं धरली आणि पुन्हा पावडर. त्याच खोलीत तो गेला. पावडरीने हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

मामी आता एकटी असते. मी गेले की ताट वाढते आणि मी घास घेईपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहते. मग हळूच विचारते, "पोरी, मी त्याले औषधच देत होती ना?"

मी हो म्हणते. औषधच होतं ते. तिला ते पटतंही, पण पुढच्या खेपेला ताट वाढलं की ती पुन्हा तेच विचारते.